न छापलेला कागद

फिलिपिन्समधल्या सान होसे गावात घरातला कॉम्प्युटर अडून बसला की लोक सियानो मग्बानुआला निरोप पाठवत. दुकान असं त्याचं नव्हतंच. एक जुनी मोटरसायकल, पाठीला पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, धूळ झाडायचा ब्रश आणि जुडग्यात ओवलेले पाच-सहा पेन ड्राइव्ह. कुणाचा नवरा जहाजावर, कुणाची बायको दुबईत. त्यांनी धाडलेले कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, बाळ येशूच्या मूर्तीशेजारी, विणलेल्या रुमालाखाली झाकलेले असत. बिघाड काढून झाला तरी सियानो उठायचा नाही. अपडेट आपोआप येतील अशी सोय करायचा, व्हायरस पकडणारा प्रोग्राम चालू आहे ना ते बघायचा, पोरांसाठी वेगळं खातं काढायचा, आणि फोटोंची, कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवायला लावायचा. पडद्याच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी दिसली तर ती स्वतःच्या हाताने काढून फाडायचा.

बाजारातल्या मासेवालीने एकदा त्याला सांगितलं, "पासवर्ड म्हणून नवऱ्याचं नाव ठेवलंय. चोराला पाहिजे असेल तर नवराही घेऊन जा म्हणावं."

जाईल तिथे प्रवचन देतो म्हणून लोक त्याला मागून ‘पाद्री’ म्हणायचे. त्याच्या कानावर ते आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

उर्सुला एस्कोते ही त्याची शाळेतली बाई. तिला सगळं गाव मॅम म्हणे. लग्न केलं नाही. धाकटी बहीण बेनिता आणि ती, दोघी समुद्राकडच्या गल्लीत राहत. बेनिता केळीच्या पानात बांधलेला गोड भात करून विकायची; सियानो तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणे. मॅमचा नाद वेगळाच होता. शाळा सुटली की ती होड्यांकडे जायची आणि म्हाताऱ्या कोळ्यांकडून शब्द गोळा करायची. वारा पडल्यावरही येत राहणाऱ्या लाटेला काय म्हणतात, जाळ्याच्या कोणत्या गाठीला काय नाव, पाण्याचा रंग बदलला की बाप पोराला काय हाक देई. इलोइलो शहरात शिकून आलेल्या पोरांना गावची किनाराय-आ बोली बोलायचीही लाज वाटू लागली होती. मॅमने बावीस वर्षं हे काम केलं. दोन हजार आठच्या पुरात नदी गावात शिरली तेव्हा तिच्या निम्म्याहून जास्त वह्यांचा लगदा झाला. तेव्हापासून तिचा कागदावरचा विश्वासच उडाला. उरलेलं सगळं तिने एका बोटाने टाइप करत कॉम्प्युटरवर चढवलं, आणि पुढचं थेट त्यातच. साडेतीन हजार शब्द, आणि ऐंशी-नव्वद तासांचे आवाज. त्या आवाजांचे बहुतेक मालक तोवर मातीत गेले होते.

मग शेजारच्या घरातून एक लॅपटॉप चोरीला गेला. मॅमने सियानोला बोलावून घेतलं.

"मला असं कुलूप पाहिजे, की मशीन कुणी उचलून नेलं तरी आतलं एक अक्षर वाचता येऊ नये," ती म्हणाली.

सियानोला नवल वाटलं. शब्द कोण चोरणार? मॅमने त्याला समजावलं, की नुसते शब्द नाहीत. मासे कुठे लागतात त्या जागांची नावं कोळ्यांनी तिला सांगितली होती. कुठला डोंगर कुठल्या माडाच्या रेषेत आला की जाळं टाकायचं, हे सगळं. आपल्या जावयालाही न सांगितलेल्या गोष्टी होत्या त्या. मोठ्या बोटीवाल्यांच्या हाती पडू देणार नाही, असा तिने एकेकाला शब्द दिला होता.

सियानोने मन लावून काम केलं. सगळ्या डिस्कला कुलूप घातलं, दर शुक्रवारी प्रत निघते त्या बाहेरच्या डिस्कलाही घातलं. पासवर्ड म्हणून मॅमने एक लांबलचक वाक्य ठेवलं आणि ते टाइप करताना त्याला तोंड फिरवायला लावलं. "परीक्षेत कॉपी करायचास तू, माहितीये मला," म्हणाली. कुलूप घालताना मशीनने नेहमीप्रमाणे बजावलं, की पासवर्ड विसरलात तर ही अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली लागेल, ती दुसरीकडे जपून ठेवा. दोन डिस्कच्या दोन किल्ल्या. मॅमच्या प्रिंटरमधली शाई वाळून गेली होती. सियानोने किल्ल्या आपल्या एका पेन ड्राइव्हवर घेतल्या.

"शनिवारी छापून आणतो, मॅम. एक कागद तुमच्याकडे, एक मनांग बेनिताकडे."

"कागद पुन्हा?" मॅम हसली. "बरं, आण."

त्या शनिवारी गावची जत्रा होती. पुढच्या शनिवारी त्याच्या मेव्हण्याकडे बारसं. तिसऱ्या आठवड्यात सहकारी पतपेढीतलं एक मशीन बंद पडलं, ते नव्याने उभं करायला रिकामा पेन ड्राइव्ह हवा होता. जुडग्यातला हाताला लागला तो त्याने पुसून घेतला. कोणता पुसला हे त्याच्या ध्यानात आलं ते दोन महिन्यांनी, मोटरसायकल चालवताना. मग त्याने स्वतःची समजूत घातली. मॅमला पासवर्ड पाठ आहे. मशीन उघडतंय तोवर नवी किल्ली कधीही काढता येते, पाच मिनिटांचं काम. पुढच्या वेळी गेलो की करू. त्यानंतर तो दोनदा गेलाही, एकदा माउस बदलायला, एकदा नाताळच्या फराळाला. दोन्ही वेळा गप्पा झाल्या आणि ते राहून गेलं. असं दीड वर्ष गेलं.

मे महिन्यात एका सकाळी मॅम न्हाणीघरात पडली. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे बंद नाही झालं. पाणी मागायचं असलं की तोंडून खुर्ची यायचं, बहिणीला हाक मारायची तर रविवार. आपण चुकीचं बोललो हे तिला कळायचं, त्यामुळे ती हळूहळू बोलेनाशीच झाली. कॉम्प्युटर तिने आदल्या संध्याकाळी बंद केला होता; पासवर्डशिवाय तो आता उघडणार नव्हता.

बेनिताने सियानोला बोलावलं. इलोइलोच्या विद्यापीठातून मॅमच्या शब्दांसाठी माणसं येणार होती, बऱ्याच दिवसांपासून ठरलेलं. सियानोने मॅमची खुर्ची मशीनपुढे ओढली. डाव्या हाताचं एक बोट अक्षरांवरून फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. रोज सकाळी तासभर, असे नऊ दिवस त्यांनी प्रयत्न केले. दहाव्या दिवशी मॅमने हात मांडीवरून उचललाच नाही.

"दुसरा काही रस्ता नाही का रे?" बेनिताने विचारलं.

कुलूप फोडण्याचा रस्ता नव्हता. तसा तो नसावा म्हणून तर सियानोने ते निवडलं होतं. त्याने किल्लीचं सांगितलं. आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "कागदावर असते ती. मॅमने ठेवली असेल कुठेतरी."

बेनिताने घर पालथं घातलं. तांदळाचे डबे उपसले, गाद्यांच्या शिवणी उसवल्या, प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान न् पान उलटलं, बाळ येशूच्या झग्याचं अस्तरसुद्धा चाचपलं. सियानो येऊन मदत करायचा. कपाट हलवायला हात लावायचा, माळ्यावर चढायचा, नसलेला कागद शोधायचा. आज सांगू, उद्या सांगू. त्याच्याच्याने होईना. पाद्री म्हणून मिरवलेला माणूस तो. गावात तोंड कसं दाखवायचं, हाच विचार आधी यायचा, आणि त्याचीच त्याला किळस यायची.

जुलैतल्या एका दुपारी बेनिताचा धीर सुटला. ती मॅमच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि तिचा चांगला हात धरून हलवू लागली.

"कुठे ठेवलास गं तो कागद? नुसतं बोट दाखव. एवढी शहाणी तू, एक कागद सांभाळता आला नाही?"

मॅमने मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या सियानोकडे पाहिलं. रागाने नव्हे. गृहपाठ न केलेल्या पोराने स्वतः उठून सांगावं म्हणून ती वर्गात थांबून राहायची, तशी पाहत राहिली. तिला सगळं आठवत होतं. कागद कधी आलाच नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता.

सियानो खाली बसला. पेन ड्राइव्ह, जत्रा, पतपेढी, दीड वर्ष, सगळं त्याने सांगितलं. मध्ये थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं.

बेनिताने मॅमचा हात सोडला. उसवलेल्या उशीतला कापूस तिच्या केसांना लागला होता.

"दोन महिने मी हिला बोल लावले," ती म्हणाली. "दोन महिने, सियानो."

"मनांग, मी..."

"जा तू आता."

तो उठला. मॅमने डोळे मिटून घेतले होते. थोरांचा निरोप घेताना करतात तसा त्याने वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला, तेव्हा तो हात तिने काढून घेतला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मॅम गेली. विद्यापीठाची माणसं अंत्यविधीला आली. सियानोने त्यांना झालेलं जसंच्या तसं सांगितलं. त्यातल्या एका बाईने विचारलं, पुढेमागे एखादं यंत्र हे कुलूप उघडेल का. सियानो म्हणाला, आपल्या हयातीत नाही. तिने डिस्क तरीही जपून ठेवा असं बेनिताला सांगितलं. बेनिताने ती टॉवेलात गुंडाळून मॅमच्या कपड्यांत ठेवली. गावात कुणी सियानोला वाईट शब्द बोललं नाही, पण प्रवचनं बंद पडली. काम झालं की तो किल्ली छापायचा, घरातल्या दोन माणसांच्या हाती द्यायचा, आणि निमूट निघायचा. स्वतःचा प्रिंटर तो मोटरसायकलवर बांधून नेऊ लागला होता.

त्याच उन्हाळ्यात त्याने एक आवाज टिपायचं यंत्र घेतलं आणि किनाऱ्यावर जाऊ लागला. मॅमला शब्द सांगितलेल्यांपैकी दोघेच जिवंत होते. एकाला ऐकू येत नव्हतं. दुसरे हिलारियो, ज्यांना सगळे लोलो, म्हणजे आजोबा, म्हणत, नव्वदीच्या घरातले, उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसून असत. त्यांच्याकडून तीन महिन्यांत सदतीस शब्द मिळाले. काही आठवता आठवता ते अर्ध्यावर सोडून द्यायचे.

वारा पडला होता आणि समुद्र अजून हेलकावत होता, अशा एका सकाळी सियानोने त्यांना विचारलं, या लाटेला तुम्ही काय म्हणायचा.

म्हातारा पाण्याकडे बघत राहिला.

"होता शब्द," ते म्हणाले. "मॅमला दिलाय मी तो. तिला विचार ना."

"मॅम गेल्या, लोलो."

"हो का?" म्हाताऱ्याने मान डोलावली. जरा वेळाने सावली सरकली तशी त्यांनी आपली चटई ओढून घेतली. "तिने सगळं लिहून घेतलंय पण. आता आम्हाला लक्षात ठेवायला नको."

सियानोने यंत्र बंद केलं आणि चटईचं दुसरं टोक धरून ती सावलीत नीट अंथरून दिली.