म्हशीची साखळी
गंजलेल्या साखळीचा वास हाताला लागला की ती सकाळ आठवते. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक, जलद चढउतार टिपणारं यंत्र लेकीनं आमच्या धावड्याच्या झाडाजवळच्या शेतात पुरलं होतं. त्यांतले एकसारखे कोणते, वेडेवाकडे कोणते, हे ती ठरवायची. जवळून ट्रॅक्टर, मोटारसायकल गेली की लोखंडानं यंत्र फसतं, म्हणून ती वेळ मी वहीत लिहायचो. "बाबा, रोज सातला एकसारखी लहर येऊन राह्यली! एकोणीस दिवस झाले, प्रबंध यावरच उभा करते." मी म्हणालो, "तिथं मी सातला म्हैस बांधतो. लोखंडी साखळी हाय, ती डुलते. मी लिहिलंच न्हाई." "मंग सगळं गेलं?" मी वही चाळली. दोन दिवस म्हैस राजूरला, जनावरांच्या दवाखान्यात होती, तरी लहर आलीच होती. लेकीनं बाकीच्या सतरा नोंदी खोडल्या, दोन ठेवल्या. आता म्हैस सुती दाव्याला असते. तरी रोज सातला मी वहीत लिहितो, "लोखंड नाही."