शेहेचाळीसला सोळा की अठरा?

सायकलच्या दुकानात एक डबा असतो. जुने छर्रे, वाकडे वायसर, कुठल्याच बोल्टला न बसणारे नट त्यात पडत राहतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. दत्ता मिस्त्रीच्या दुकानातले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आज डबा उपडा करतोय. एखादा किस्सा मी नकळत फुगवला असेल अशी धाकधूक आहे. पण ज्यांनी मला टोकलं असतं, त्यातले बरेचसे आता नाहीत.

ऐंशीच्या दशकातली रत्नागिरी. मी कॉलेजात गणित शिकवायचो, नावामागे डॉक्टर लावायचो. संध्याकाळी दत्ताच्या बाकड्यावर आमची बैठक: मी, एक वकीलसाहेब आणि सुरेश पोस्टमन. सुरेश दरवर्षी गणपतीनंतरच्या सायकल शर्यतीत उतरायचा. रत्नागिरी ते पाली आणि परत. अट एकच, सायकल फिक्स हवी. म्हणजे फ्री-व्हील नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही.

शर्यतीची ढाल जिंकणाऱ्या सायकलच्या मिस्त्रीला मिळायची. तीन वर्षं ती पालीच्या एका मिस्त्रीकडे होती. दत्तानं तिच्यासाठी भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. तीन वर्षं त्यावर त्याची छत्री लटकत होती. पालीवाला शहरात आला की मुद्दाम डोकावायचा.

"काय दत्ताशेट, छत्री बरी हाय ना?"

*

फिक्स म्हणजे काय ते वकीलसाहेबांना समजावून सांगितलं होतं. पण त्यांचा फक्त पुराव्यावर विश्वास!

एका सकाळी ते सुरेशची सायकल घेऊन कोर्टाला निघाले. मारुती मंदिराच्या पुढे उतार लागला. सवयीनं त्यांनी पाय थांबवले. पायडलं थांबली नाहीत. पाय सुटले, कोट उडाला, सायकल धावत राहिली. कोर्ट आलं आणि मागे गेलं. फाटकात उभा असलेला अशील हात जोडून ओरडला, "साहेब, माझी तारीख! कुठं निघालात?"

"सायकलला विचार!"

*

त्या वर्षी सुरेश म्हणाला, "सर, पाय माझे, डोकं तुमचं. गीअर तुम्ही काढून द्या."

 फिक्सला गीअर एकच. मागे सोळा दात्यांची चक्री लावली तर सपाटीवर सायकल पळते, पण चढावर जीव काढते. अठराची लावली तर चढ सोपा, पण उतारावर पाय शिवणयंत्रासारखे उडतात. आणि पालीच्या रस्त्यात चढही आहेत, उतारही.

आधी पुढच्या मोठ्या चक्राचे दाते मोजायला हवेत, असं मी जाहीर केलं. मी मोजले, पंचेचाळीस. वकीलसाहेबांनी मोजले, सत्तेचाळीस. सुरेशचे अठ्ठेचाळीस भरले. गोल वस्तू मोजताना सुरुवात कुठून केली हेच विसरायला होतं. मी खिशातला खडू काढून पहिल्या दात्यावर खूण केली. तेलावर खडू उठेना. पाऊण तास वाद झाला.

दत्तानं हात पुसले, चक्र उलटं केलं. मागे आकडा कोरलेला होता, ४६.

"आवो सर, तुमच्या कॉलेजात हजेरीबुक असून पोरं पण मोजूनच घेतात काय?"

वर त्यानं पिवळा रंग आणला आणि दुकानातल्या प्रत्येक चक्रीचा एकेक दाता रंगवला. "ह्यो सरांचा दात. हितून मोजा."

*

मग चढ मोजायला मी एसटीनं पालीला गेलो. हातात कोनमापक, त्याला दोरी, दोरीला ओळंबा म्हणून कपाटाची किल्ली. खिडकीशी बसून कोन टिपत होतो. गाडीच्या हिसक्यांनी किल्ली शेजारच्या बाईंच्या कोळंबीच्या टोपलीत दोनदा गेली.

कंडक्टर बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, कशाला त्रास घेताय? ड्रायव्हर दुसरा गीअर टाकतो तिथं चढ. इंजिन बंद करतो तिथं उतार."

मी आठ पानं भरली होती. कंडक्टरचं उत्तर बरोबर निघालं, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

*

आठ पानांतून उत्तर निघालं सोळा. मी दत्ताला चिठ्ठी पाठवली. जेवताना वाटलं, सुरेश चढावर मेला तर? दुसरी चिठ्ठी, अठरा. चहा पिताना वाटलं, उतारावर पालीवाल्याचा गडी निघून गेला तर? तिसरी, सोळा. चौथी कागदावर लिहिणार, तेवढ्यात बायकोनं पेन काढून घेतलं.

"लग्नाला हो म्हणायला तुम्हाला सात महिने लागले. तेव्हा तर समोर मी एकटीच होते. इथे दोन-दोन चक्र्या!"

शेवटची चिठ्ठी सोळाचीच राहिली.

*

शर्यतीच्या दिवशी मी घरात बसून होतो. बघायची हिंमत नव्हती. दुपारी वकीलसाहेब धापा टाकत आले. "चला! जिंकला! चढावर पालीवाल्याचा गडी मागे पडला तो पडलाच!"

सोळाच्या चक्रीनं चढावर कसा काय, अशी एक पुसट शंका मनात आली. पण समोर माझ्या सत्काराची शाल आणि नारळ होते. शिक्षित माणसाची शंका अशा वेळी शहाण्यासारखी गप्प बसते.

स्टेजवर माझ्या बाजूला हार घातलेली सायकल स्टँडवर. दत्ता लोकांना दाखवायला पायडल हातानं सावकाश फिरवत होता. ढाल त्याच्या काखेत. पहिल्या रांगेत पालीवाला मिस्त्री गुडघ्यावर सिगारेटचं पाकीट उलटं धरून, पेन्सिल घेऊन बसलेला.

मी माईकवर अर्धा तास बोललो. क्रीडेत गणिताचं महत्त्व, आठ पानं, ओळंबा, सगळं. आणि शेवटी गरजलो, "पुढे शेहेचाळीस, मागे सोळा!"

टाळ्या! टाळ्यांत माझी नजर मागच्या चक्रीवर गेली. पिवळा दाता वर आला होता. सवयीनं मोजायला लागलो. एक, दोन, तीन... सोळा झाले. पिवळा आला नाही. सतरा. अठरा. मग पिवळा आला.

 मी माईकवर तळवा दाबला आणि वाकून म्हणालो, "दत्ता, अरे, ही तर अठरा!"

दत्ता पायडल फिरवतच राहिला. ओठ न हलवता म्हणाला, "सर, सोळा परत एकदा सांगा. जरा मोठ्यानं. पालीवाल्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलंय."