आरामखुर्चीच्या भाड्यात सिंहासन

आमच्या लालबागच्या नाट्यमंडळात पडदा मी ओढायचो, बाकडी मी जमवायचो आणि भाड्याचं सामानही मीच घासाघीस करून आणायचो. तोंडाला रंग लावणाऱ्यांची नावं दिग्दर्शक पडदा उघडण्याआधी कर्ण्यावरून घ्यायचा. आम्हा बाकीच्यांची नाटक संपल्यावर. तेव्हा लोक उठून चालू लागलेले असायचे आणि आमचे आभार रिकाम्या बाकड्यांना ऐकू जायचे. शेजारणी बायकोला विचारायच्या, "तुमचे हे नाटकात नक्की करतात तरी काय?" ती काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम ऐन भरात होती. एक दिवस मोर्चा तर एक दिवस हरताळ, आणि त्यातच आमच्या तालमी. नाटक सामाजिक होतं. चाळीतल्या एका खोलीत घडणारं. लिहिलं होतं दिग्दर्शकानंच. तो भोईवाड्याच्या कोर्टात कारकून होता आणि घरातही साक्ष दिल्यासारखं शुद्ध बोलायचा. नाटकातल्या म्हाताऱ्याला आरामखुर्ची हवी होती.

मी म्हटलं, "आणतो. पण माझं नाव पडदा उघडण्याआधी घ्यायचं."

"खुर्ची वेळेवर येऊ द्या. अवश्य घेऊ," तो म्हणाला.

ठाकूरद्वारला नाटकाचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडे गेलो, तर त्याच्या सगळ्या आरामखुर्च्या गेलेल्या. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. गिरणीच्या कापडाचे तुकडे फुटपाथवर विकत विकत मी स्वतःचं दुकान काढलंय. पायरीवर बसून राहायची मला सवय आहे. शेवटी वैतागून तो म्हणाला, "सिंहासन आहे. आरामखुर्चीच्या भाड्यात घेऊन जा, पण आता ऊठ." दोन सिंह, मागे सूर्य, वर लाल मखमल. असा सौदा मंडळात कुणी केला नव्हता.

हातगाडीवर सिंहासन बांधून मी आणि गाडीवाला निघालो. भायखळ्याच्या पुढे मोर्चा आडवा आला. मखमलीचं सिंहासन बांधलेली गाडी बघून लोकांना वाटलं, आपलीच. घोडपदेवच्या बायकांनी सरकारचा एक गवताचा पुतळा केला होता आणि तो खांद्यावरून वाहून त्या दमल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पुतळा सिंहासनावर बसवला आणि काथ्यानं करकचून बांधला. मग गाडी मोर्चात आणि मी गाडीमागे. गाडीवाला घोषणा द्यायला लागला.

"कुठं नेताय?" मी विचारलं.

"भोईवाड्याच्या नाक्यावर. जाळायला," त्या बायकांची पुढारीणबाई म्हणाली. गिरणीत तुटलेल्या धाग्यांना गाठी मारायचं काम करायची ती.

"बाई, सिंहासन माझं आहे."

"सिंहासन तुजं आसंल. वर बसलाय त्यो आमचा. सोडायला येळ न्हाई."

लालबाग येईपर्यंत मी तिच्याशी घासाघीस करत चाललो होतो. तेवढ्यात बातमी आली, की शेजारच्या गल्लीनंही पुतळा केलाय आणि तो आधीच नाक्यावर पोचलाय. बाईचं तोंड उतरलं. मी लगेच संधी साधली. "तिकडे आधी त्यांचा जळणार, मग तुमचा बघणार कोण? आज रात्री आमच्या नाटकाला अख्खं लालबाग येणार. तिथं बसवतो."

ती थांबली. "समद्यांना दिसंल असा?"

"पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत."

"आमी बगायला येनार. गाठ सोडलेली दिसली, तर तुला बांदीन."

दिग्दर्शकानं सिंहासन पाहिलं, पुतळा पाहिला आणि चष्मा पुसला. "मी आरामखुर्ची सांगितली होती."

"आरामखुर्चीच्याच भाड्यात आणलंय."

"दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हशेजारी, सिंहासन?"

"म्हातारा जुन्या घराण्यातला आहे म्हणा."

"आणि हे जे बसले आहेत, ते कोण?"

मी मोर्चाची हकिकत सांगितली. त्यानं गाठी सोडायला दोघांना लावलं, पण त्या गाठी गिरणीतल्या हाताच्या होत्या, एक सुटेना. कापायला मी देईना. दुसरी खुर्ची शोधायला वेळ नव्हता. म्हाताऱ्याचं काम करणारा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, शांतपणे म्हणाला, "मी याच्या मांडीवर बसतो. मऊ आहे."

मैदान भरलं. पुढे घोडपदेवच्या वीसेक बायका, त्यांच्यामागे माझी बायको, तिच्या दोन्ही बाजूंना शेजारणी मुद्दाम आणून बसवलेल्या. दिग्दर्शकानं कर्ण्यावरून नटांची नावं घेतली, रंगभूषाकाराचंही घेतलं आणि मला खूण केली, "उघडा."

मी दोर धरून उभा राहिलो. "माझं नाव."

"ठरलं होतं आरामखुर्चीवर. आरामखुर्ची कुठे आहे?"

माझं डोकं फिरलं. दोराचे दोन वेढे मी मनगटाला दिले. "मग बघू कसा उघडतो पडदा."

बाहेरून पुढारीणबाईचा आवाज आला, "आरं, दावा की आमचा मानूस." बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. पडद्याआड जॉबर पुतळ्याच्या मांडीवर ताटकळत विडी ओढत होता. खाली सगळं गवत, म्हणून मी त्याच्या हातातली विडी काढून घेतली, पण दोर सोडला नाही.

"नाटक संपल्यावर पूर्ण नाव घेतो," दिग्दर्शक म्हणाला.

"आत्ता."

"आत्ता आडनाव. नाव नंतर."

टाळ्या वाढत होत्या. मी म्हटलं, "आडनाव, पण मागे राव लावून." त्यानं दातओठ खात कर्ण्यावरून तेवढं म्हटलं. मी पडदा उघडला. सरकार सिंहासनावर आणि सरकारच्या मांडीवर चाळीतला म्हातारा, हे पाहून मैदान असं उठलं, की पहिला अंक कुणाला ऐकू गेला नाही. दिग्दर्शकानं दोन वर्षं खपून लिहिलेले संवाद वाया गेले. नाटक संपल्यावर तो कर्णा तसाच सोडून घरी गेला. माझं नाव घ्यायचं आजतागायत राहिलंय.

दुसऱ्या दिवशी पुढारीणबाई नारळ घेऊन आमच्या चाळीत आली. आमच्या मजल्यावर सात बिऱ्हाडं एकाच गावची, एकाच आडनावाची. तिनं आडनाव विचारलं आणि जिन्यालगतचं पहिलं दार माझंच समजून तिथं नारळ दिला. त्या भल्या माणसानं नमस्कार करून तो घेतला. आदल्या दिवशी तो नाटकाला आलाही नव्हता.

मी त्याच्याकडे गेलो. "नारळ माझा आहे."

"तुझं नाव घेतलं होतं काय रे? आडनाव तर माझंपण तेच."

"नारळ ठेव. पण गॅलरीत उभा राहून सांग, की ते राव म्हणजे मी."

हे त्याला परवडलं. तो कठड्यावरून वाकला आणि माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं ओरडून म्हणाला. खाली नळावर बायकांची भांडणं चालली होती. त्यात एकट्या माझ्या बायकोनं मान वर केली, कमरेवरची कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "भावोजी, पुन्हा एकदा सांगा, या ऐकत नाहीत."

तो माझ्याकडे वळला. "दुसऱ्या खेपेचं काय देशील?"

"आधी नळ बंद होऊ दे," मी म्हटलं. "मग बोलू."