चौथ्यांदा ती बोलली नाही

माधवीला न सांगितलेलं माझ्याकडे फार काही नाही. तेवीस वर्षांचा संसार आहे, लपवून लपवून माणूस लपवणार किती? पण एक गोष्ट आहे. ती मी बायकोला सांगितलेली नाही, मित्रांना नाही, पुण्यात आईला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या लोकांत माझं नाव चांगलं आहे — आणि ते कशामुळे चांगलं आहे, तेच तर सांगायचंय.

जरा लांबून सुरुवात करतो. सरळ मुद्द्यावर यायची माझी छाती नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. ऑकलंडला, बॉटनी डाउन्समध्ये घर. दिवसभर मीटिंगमध्ये 'स्वीट अ‍ॅज' — इथलं 'झकास' — म्हणत बसायचं आणि घरी आलं की भाषेवरची पुस्तकं काढायची, हा माझा नाद. कुणाला क्रिकेटचा असतो, कुणाला बार्बेक्यूचा. मूल बोलायला कसं शिकतं, दोन भाषा एका डोक्यात कशा नांदतात, भाषांतर करताना काय निसटतं, भाषा मरतात त्या कशाने मरतात — लायब्ररीतून आणायचो, जुनी मिळाली तर विकत घ्यायचो, आणि पेन्सिल घेऊन वाचायचो. समासात शेरे मारायचो. भाषाशास्त्राची पदवी नाही, कुठे एक ओळ छापून आलेली नाही, पण चारचौघांत विषय निघाला की माझं तोंड बंद होत नसे. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ना, तो मी.

इरा झाली तेव्हा मी एक जाड वही आणली. तिचा पहिला शब्द, दुसरा शब्द, कुठल्या भाषेतला, कधी, कुणाशी बोलताना — सगळं लिहून ठेवायला. बाप झाल्याचा आनंद झाला नव्हता असं नाही. पण खरं सांगू? आनंदापेक्षा हौस जास्त होती.

त्यात आमच्या भोवतीची पोरं. गणपतीला नाहीतर दिवाळीला सगळे एकत्र जमलो की आईबाप मराठीत विचारणार आणि पोरं इंग्रजीत उत्तर देणार. "जेवलास का रे?" तर म्हणे, "येह, आय हॅड हीप्स." म्हणजे भरपूर. आईबाप कौतुकाने हसायचे. मला त्यांची कीव यायची. कीव कसली — आतून बरं वाटायचं. यांची पोरं गेली हातची, माझी जाणार नाही.

त्या पुस्तकांपैकी एकात एक रीत दिली होती. आईबापांपैकी एकाने मुलाशी एकच भाषा धरायची, आणि मूल दुसऱ्या भाषेत बोललं तर आपल्याला कळलंच नाही असं दाखवायचं. रागवायचं नाही, मारायचं नाही. फक्त कळलं नाही म्हणायचं. मूल आपोआप वळतं.

मी ती उचलली. माधवीला पटलं नव्हतं. ती फार्मसिस्ट, दिवसभर आजारी माणसांशी बोलून आलेली. ती इराशी जे तोंडाला येईल ते बोलायची, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. मला म्हणायची, पोर आहे ती, तुझं सॉफ्टवेअर नाही. मी हसायचो. मी तिला पानंच्या पानं वाचून दाखवायचो, आणि ती कणीक मळत मळत 'हं' म्हणायची.

इरा तीन वर्षांची असल्यापासून हे चाललं. ती इंग्रजीत काही म्हणाली की मी चेहरा कोरा करायचो. "काय म्हणालीस? मला नाही कळलं." तिला ठाऊक होतं हो, की मला कळतं! शेजारच्या आजोबांशी, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईशी मी तिच्यासमोरच तर इंग्रजीत बोलायचो. ती पाय आपटायची, रडायची, आणि शेवटी मराठीत सांगायची. मग मी तिला उचलून घ्यायचो. रीत लागू पडली होती. सात वर्षांची इरा अशी मराठी बोलायची की पुण्याहून आलेले पाहुणे तोंडात बोटं घालायचे.

आता तो रविवार.

माधवीची रविवारची शिफ्ट होती. सकाळचे दहा वाजले असतील. मी खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर भाषांतरावरचं पुस्तक. इरा नाइटड्रेसमध्येच आली आणि म्हणाली, "बाबा, माय टमी हर्ट्स."

'पोट दुखतंय' तिला येत होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल, बिचाऱ्या पोरीला शब्द सापडला नाही. शब्द सापडण्याचा प्रश्नच नव्हता. ती तो पन्नासदा बोलली होती. म्हणून तर मी हट्टाला पेटलो. येतंय आणि बोलत नाही म्हणजे काय? मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, काय गं, मला नाही कळलं. ती पुन्हा तेच म्हणाली, इंग्रजीतच, आणि उजवीकडे खाली हात ठेवला. तो हात मी पाहिला. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा ती फक्त "बाबा, इट रिअली हर्ट्स" म्हणाली, अगदी हळू. मी पान उलटलं.

चौथ्यांदा ती बोलली नाही. जाऊन सोफ्यावर पडली.

मी काय केलं असेल? वही काढली. तारीख घातली आणि लिहिलं — 'तीनदा इंग्रजी. प्रतिसाद दिला नाही. चौथा प्रयत्न नाही. हट्ट कमी होतोय.' शेवटच्या वाक्याखाली रेघही मारली.

ती रीत सांगणाऱ्या पुस्तकाला दोष देऊ नका. मूल आजारी असेल, घाबरलेलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याला जवळ घ्या, असं त्याच पुस्तकात पुढच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं. ते पान मी वाचलेलं होतं.

दुपारी ती जेवली नाही. रुसली असेल म्हणून मी ताट झाकून ठेवलं. नंतर तिला उलटी झाली, ती पुसली, पाणी दिलं. झोप म्हणालो. ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची. बोलली नाही ती नाहीच — ना इंग्रजीत, ना मराठीत. माधवी पाच वाजता आली, पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, इराच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, आणि म्हणाली, गाडी काढ.

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, अकरा दिवस हॉस्पिटलात काढले. पोर वाचली. काही तास आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. पण ते नंतर. आधी, ऑपरेशनला नेण्यापूर्वी, त्यांनी विचारलं की दुखायला कधी लागलं, तिने कुणाला सांगितलं का. माधवीने माझ्याकडे पाहिलं. इरा तिथेच होती, पलंगावर, डोळे उघडे.

मी म्हणालो, नाही. तिने काहीच सांगितलं नाही.

इतकं सहज आलं तोंडातून. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. काही मुलं अशी असतात, सांगत नाहीत, म्हणाल्या. आणि माधवी इराच्या केसांवरून हात फिरवत रडत रडत म्हणाली, "अगं राणी, सांगायचं नाही का बाबाला?"

इराने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे वळून म्हणाली, "सॉरी, आई."

सात वर्षांच्या पोरीने माफी मागितली आणि मी तिथे उभा होतो.

माझ्या त्या एका वाक्यावर आमचं घर पुढे चाललं. माधवीने रविवारची शिफ्ट सोडली. मी घरी असते तर तिने मला सांगितलं असतं, असं ती कितीतरी वर्षं म्हणत राहिली, आणि मी तिची समजूत घालायचो. मी! रोज शाळेतून आल्यावर ती इराला विचारायची — कुठे दुखत नाही ना, लपवत नाहीस ना? शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे नेलं, मूल मनातलं सांगत नाही म्हणून. फॅमिली डॉक्टरच्या कागदांत ते लिहिलं गेलं. पुण्याला फोनवर आई म्हणायची, मुखदुर्बळच आहे गं पोर. सगळ्यांचं ठरून गेलं की इरा सांगत नाही.

आणि मी? रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये आमची मराठी शाळा भरते, तिथे मी नव्या आईबापांना मार्गदर्शन करायला लागलो. विषय — घरात भाषा कशी टिकवावी. इरा माझ्याशेजारी उभी राहून खणखणीत मराठीत पाहुण्यांचं स्वागत करायची. टाळ्या पडायच्या. कसं जमवलंत हो, लोक विचारायचे. मी म्हणायचो, शिस्त. थोडं मन घट्ट करावं लागतं.

तुम्ही म्हणाल, घाबरला माणूस, बोलून गेला. मीही स्वतःला तेच सांगायचो. पण मला सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे.

इरा चौदा वर्षांची होती. आम्ही दोघं पापाटोएटोच्या देशी दुकानांत वाणसामान आणायला चाललो होतो, भर दुपारी, सिग्नलला गाडी उभी. इकडचंतिकडचं बोलत होतो. आणि ती एकदम म्हणाली — मराठीत, माझ्या शिकवणीत बसेल अशा मराठीत — "बाबा, तेव्हा मी तुला सांगितलं होतं ना?"

कधी, असं मी विचारलं नाही. सात वर्षं झाली होती, तरी विचारायची गरज पडली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. ती भांडायला आली नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. घरी माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, माझ्याच अक्षरात पुरावा होता की पोर खरं बोलतेय. एक 'हो' म्हणायचं होतं. एवढी पुस्तकं वाचून एवढा एक शब्द जमायला नको?

"नाही गं," मी म्हणालो. "तू काहीच बोलली नाहीस. खूप ताप होता तुला, तेव्हा असं काहीही वाटतं."

ती "मला वाटायचं सांगितलं होतं," म्हणाली. मग म्हणाली, "असेल. मलाच वाटलं असेल." सिग्नल सुटला. आम्ही वाटाणे, पोहे, फणसाचा डबा घेऊन घरी आलो.

पहिलं खोटं मी भीतीने बोललो. हे दुसरं मात्र शांतपणे, विचार करून, तिच्या डोळ्यांकडे बघून. तिच्यापाशी स्वतःची म्हणून एक खरी आठवण होती, ती मी तिच्या हातातून काढून घेतली. आणि तिने दिली, कारण मी तिचा बाप आहे.

आता ती वीस वर्षांची आहे, ख्राइस्टचर्चला इंजिनिअरिंग शिकते. गेल्या मंगळवारी तिच्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीचा माधवीला फोन आला. इरा सायकलवरून पडली होती, मनगटाचं हाड मोडलं होतं. पडली त्याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस ती तोच हात घेऊन वर्गात जात होती, लॅबमध्ये काम करत होती. मैत्रिणीनेच शेवटी डॉक्टरकडे ओढत नेलं. दुखत नव्हतं का, असं तिथे विचारलं तर इरा म्हणाली, दुखत असावं असं वाटत होतं, पण मला नक्की कळत नाही, कधीकधी मला उगाच वाटतं.

माधवी फोन ठेवून स्वयंपाकघरात खाली बसली. मला म्हणाली, "अशी कशी रे ही मुलगी? स्वतःचं दुखणंसुद्धा हिला खरं का वाटत नाही?"

मी म्हणालो, "लहानपणापासून तशीच आहे ती."