पडीक म्हटलेला माळ

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पाचोडच्या शाळेतून शहरातल्या कॉलेजात आले तेव्हा प्रयोगशाळेत कुठं बसायचं, हेही मला कळत नव्हतं. ते तिथल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी शिकवलं. वसतिगृहात जागा त्यांनी मिळवून दिली, अर्ज कसा लिहायचा ते दाखवलं. आणि आमच्याच गावामागचा माळ त्यांनी मला नव्यानं दाखवला.

ज्या माळावर आम्ही शेळ्या सोडायचो, तिथं सर पोटावर आडवे होऊन गवतात बघत राहायचे. धाविक पक्षी घरटं न बांधता उघड्या जमिनीवर अंडी घालतो, हे मी तिथंच शिकले. लहानपणापासून ते पक्षी पायांपुढून पळताना पाहिले होते, पण त्यांना नाव असतं हे ठाऊक नव्हतं. सर म्हणायचे, "सरकारी कागदावर पडीक लिहिलं, म्हणून चंडोल अंडी घालायचा थांबत नाही." मी एम. एस्सी. त्याच माळावर केलं, पुढं संशोधनही तिथंच सुरू केलं.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर तिकडं बिडकीनच्या दिशेनं पसरत होतं आणि इकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. आमच्या माळावर गोदामं होणार अशी कुजबुज गावात सुरू झाली. तेवढ्यात जिल्ह्यातल्या निसर्गाचा अभ्यास कशापासून सुरू करायचा, हे ठरवायला शहरात एक बैठक बोलावली गेली. सरांनी मला समजावलं, की पहिल्या तीन विषयांचं काम लगेच सुरू होईल आणि जिथं अभ्यास चालू आहे ती जमीन कुणाला सहजासहजी देता येणार नाही. गावची माणसं घेऊन ये, असंही तेच म्हणाले. माळावर जगणाऱ्यांनीच सांगायला हवं.

मी चौघांना घेऊन गेले. त्यांत एक मेंढपाळ मामा होते. नात्यानं मामा नव्हेत, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. पहाटेच्या एस.टी.त ते सगळ्यांना सांगत होते, की आज आपली पोरगी साहेबलोकांत बसणार, तवा कुणी तंबाखू काढायची नाय.

सभागृहात भिंतीवर मोठे कागद लावले होते. एकेका कागदावर एकेक विषय होता: धरणावरचे पक्षी, शहरातली झाडं, नदीचं प्रदूषण, पाणलोट, माळरान. प्रत्येकाला पाच हिरव्या टिकल्या दिल्या होत्या. ज्या विषयाचा अभ्यास आधी व्हावा असं वाटतं, त्यावर त्या चिकटवायच्या. ज्यावर जास्त टिकल्या, तो विषय पुढं. माझ्या माणसांना मी हे एस.टी.तच नीट सांगितलं होतं. माळाच्या कागदावर मी गवताचं चित्रही काढून ठेवलं होतं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही तो ओळखू येईल.

पण टिकल्या लावायची वेळ आली आणि आमची माणसं हलेनात. मोठ्यांच्या आधी हात कसा लावायचा, म्हणून ती सरांकडं बघत उभी राहिली. सर उठले आणि सरळ पाणलोटाच्या कागदापाशी गेले. पाचही टिकल्या तिथंच लावल्या. मला वाटलं, त्यांचा कागद चुकला. मी दोन पावलं पुढंही झाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली, तेव्हा कळलं, चुकलेलं काही नाही.

त्यांच्यामागून मामा गेले. मग बाकीचे तिघं. चौघांनीही आपल्या टिकल्या सरांच्या टिकल्यांच्या शेजारी नीट ओळीत लावल्या. माळाच्या कागदावर फक्त माझ्याच राहिल्या.

जागेवर परतल्यावर मामा हळूच म्हणाले, "तुझ्या गुरूनं लावल्या तिथंच लावल्या बघ. चार माणसांत तुझा मान ऱ्हायला पायजे."

मी "व्हय मामा," एवढंच म्हणाले.

चहाच्या वेळी सरांना व्हरांड्यात गाठलं. ते जराही गडबडले नाहीत. म्हणाले, टँकरच्या दिवसांत पक्ष्यांचं कोण ऐकणार? मला हेही पटलं असतं. पाण्याचं महत्त्व टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्यांना कुणी सांगायला नको. पण मग त्यांनी पुढचं सांगितलं. गोदामांच्या जागेची पाहणी त्यांच्याकडेच आली होती. उन्हाळ्यात एक फेरी मारायची आणि तिथं विशेष काही नाही, असा अहवाल द्यायचा. हे बैठकीच्या बऱ्याच आधी ठरलं होतं.

"त्या कामात तुझं नाव घातलंय मी," ते म्हणाले. "किती दिवस बापाकडून पैसे मागवशील? पाहणी तू कर, सही मी करतो."

"सर, उन्हाळ्यात तिथं काय काय असतं, हे तुम्हीच मला दाखवलंत."

"दाखवलं ना? मग आता जगायचं कसं तेही शीक."

मी नाही म्हटलं. त्यांना नाही म्हणायची ती पहिलीच वेळ, आणि आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. पाहणीला दुसरं कुणी गेलं. माळाला कुंपण पडलं तेव्हा मामा आपली मेंढरं घेऊन नदीपल्याड गेले. जाण्याआधी घरी येऊन त्यांनी विचारलं, "पोरी, आपुन तर तुझ्याच बाजूनं होतो ना गं?" या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्याकडं बघायला पायजे होतं. आमी त्याच्याकडं बघितलं."

आता मी तालुक्याच्या एका कॉलेजात शिकवते. गवताळ माळाचा धडा आला की माझ्या तोंडून सरांचीच वाक्यं निघतात. दुसरी कुठून आणू? माळाबद्दल मला जे कळतं, ते सगळं त्यांनीच दिलेलं आहे. मुलं विचारतात, धाविक कुठं बघायला मिळेल? मी त्यांना दुसऱ्या गावाचं नाव सांगते.