उरलेले मोजणारे राठोड सर

दिग्रसच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सचे आम्ही दोघंच, मी आणि राठोड सर. दोघांच्या स्टाफरूममध्ये असे किती किस्से साठणार, असं वाटतं ना? पण आता रिटायर झाल्यावर कुणी चहाला आलं, की एकातून दुसरा निघतच राहतो.

*

सरांची पीएच.डी. भारीच होती! एक जड अणुकेंद्रक दुसऱ्यावर वेगानं आदळायचं. दोन्ही एकजीव झाली, की तो तापलेला गोळा बहुतेकदा फुटायचा, दोन तुकडे! क्वचित एखादा थोडे न्यूट्रॉन टाकून थंड व्हायचा आणि अख्खा उरायचा. तो 'अवशेष'. सरांना हे उरलेले मोजायचे होते.

शिपाई नामदेवभाऊंनी सगळं ऐकून विचारलं, "सर, फुटलेले जास्त का उरलेले?"

"फुटलेलेच लई, भाऊ."

"मंग त्याच्यासाठी दिल्लीले कायले जाता? आपल्या बाजारात उभे राहा!"

कापसाचे भाव पडलेले दिवस ते. सर हसले. नामदेवभाऊ नाही हसले.

*

दिल्लीच्या अ‍ॅक्सिलरेटरवर बीम टाइम, म्हणजे केंद्रकांच्या झोतावर प्रयोगाची पाळी, मिळायला खूप वाट पाहावी लागे. एकदाचा मिळाला, तर कापसाच्या भावासाठी रस्ता रोको! एसटी दारव्ह्याजवळ अडकली, पुढची रेल्वे चुकली. सर पोचले तोवर निम्मा वेळ संपलेला. उरलेल्या वेळात बीमच बंद पडली.

परत आल्यावर मी विचारलं, "आंदोलनवाल्यांचा राग नाही आला?"

"कोनावर येईन? सगळ्यात पुढच्या बैलबंडीवर माहा बाच बसून होता!"

*

दिल्लीच्या एका मोठ्या शास्त्रज्ञांना सरांचं काम आवडलं होतं. "इथंच थांबा, नोकरीचं मी बघतो," म्हणाले. सर हो म्हणून आले. त्याच हंगामात तांड्यावरचं त्यांचं कपाशीचं वावर लाल्या रोगानं गेलं, आई अंथरुणाला खिळली. सरांनी दिल्लीला नकार कळवला.

"बांनी थांब म्हटलं का?" मी विचारलं.

"नाही ना! जा म्हनले. म्हनूनच पाय निघाला नाही."

*

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला, व्हायवाला, सरांचे वडील आले. पांढरा फेटा बांधून शेवटच्या बाकावर बसले. परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं, "जास्त एनर्जीला अवशेष किती उरले, ते कुठं आहे?"

"तेवढा बीम टाइम मिळाला नाही, सर. दिल्लीला राहिलो असतो, तर पूर्ण झालं असतं."

परीक्षकांनी मान डोलावली. मग रीतीप्रमाणे हॉलकडे वळून म्हणाले, "आणखी कुणाला काही विचारायचंय?"

वडील उभे राहिले.

"तू दिल्लीलेच राह्यला असता, तं हे पुरं झालं असतं का रे?"

सरांनी परीक्षकांकडे पाहिलं. पडद्यावरच्या अर्धवट आलेखाकडे पाहिलं.

"नाही, बा. तरी अर्धंच राह्यलं असतं."

"मंग ठीक," वडील म्हणाले आणि खाली बसले.