मध्येच थांबवता न येणारं काम
लॅपटॉपच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास आला की मला सोलापुरातली ती पत्र्याची खोली आठवते. तेव्हा मी लिनक्स या संगणकप्रणालीचा असा एक प्रकार वापरायचो, ज्यात प्रत्येक सॉफ्टवेअर मूळ कोडपासून आपल्याच मशीनवर बनवावं लागे. कोडचं सॉफ्टवेअर करून देणारा नवा कंपायलर आला म्हणून मी चांगलं चालत असलेलं सगळंच पुन्हा बनवायला लावलं होतं, काम दोन दिवसांचं. खालून हवा लागावी म्हणून लॅपटॉप दोन पालथ्या वाट्यांवर ठेवला होता. आठवडाभर मी कुणाशी धड बोललोही नव्हतो. अशात भर दुपारी वडील न कळवता सांगोल्याहून आले, पिशवीत घरची डाळिंबं घेऊन. खाटेवर बसून ते पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत राहिले. "बिघडलंय व्हय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "मग हे झाल्यावर काय हुईल?" "काही नाही. आहे तेच, नव्यानं." ते हसले. "मग ऱ्हाऊ दे की. चल घरी दोन दिस, आई वाट बघती." मी मान वर न करता म्हणालो, "मध्येच थांबवता येत नाही." ते उठले, तापात माझ्या कपाळाला लावायचे तसा त्यांनी लॅपटॉपला हात लावला, "लई तापलंय," म्हणाले आणि चारच्या एसटीनं परत गेले. काम संपलं तेव्हा सगळं होतं तसंच दिसत होतं. आता वडील नाहीत, डाळिंबं मी बाजारातून आणतो. ते काम कधीही थांबवून तिथूनच पुढे चालू करता यायचं, आणि हे मला त्या दुपारीही ठाऊक होतं.